वेदरबीचे निवाडे

१६ मार्च १८१९ रोजी अल्फियस वेदरबी यांना आमच्या दुकानाने एकशे बारा डॉलर पन्नास सेंट रोख मोजून दिले. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाच्या निवाड्यांचा पहिला खंड त्यांनी लिहून पुरा केला, त्याचा हा मोबदला. मेलेल्या माणसाला अहो-जाहो करण्याची रीत आहे. ती मी पहिल्या दोन वाक्यांपुरती पाळली. पुढे तो वेदरबीच.

मी डन्लेव्ही यांच्या छापखान्यात आणि पुस्तकांच्या दुकानात हिशेब पाहतो. कायद्याची पुस्तके आमच्याकडे बऱ्यापैकी खपतात, त्यामुळे वकील ही जात मला जवळून पाहायला मिळाली. तीत हुशार होते, लबाड होते, दारुडे तर पुष्कळ होते. पण वेदरबीसारखा फुकाचा मोठेपणा मिरवणारा दुसरा आढळला नाही.

मुळात तो वकीलच. वेस्टफॉलच्या बाजारचौकात त्याची कचेरी होती. एका डुक्करचोराची बाजू मांडायला तो एकदा उभा राहिला, आणि इतका वेळ उभा राहिला की शेवटी चोरच उठून म्हणाला, "साहेब, यांना खाली बसवा, मी गुन्हा कबूल करतो." त्यानंतर त्याच्याकडे पक्षकार येईनासे झाले. बायकोचे काका विधिमंडळात होते. त्यांनी खटपट करून त्याला वरिष्ठ न्यायालयाचा रिपोर्टर नेमून घेतले.

या कामाला त्या काळी पगार नव्हता. न्यायाधीश आपले मत बसल्या जागेवरून तोंडी सांगत. खाली एका खुर्चीवर रिपोर्टर बसे, ते टिपून घेई, मग सवडीने त्याचे पुस्तक करी आणि पुस्तकाच्या विक्रीवर पोट भरी. राज्यभरचे वकील आणि खालची न्यायालये त्या पुस्तकावर चालत. न्यायाधीश काय बोलले ते हवेत विरून जाई. रिपोर्टरने काय लिहिले तो कायदा.

वेदरबीची लिहिण्याची एक ठरलेली पद्धत होती. न्यायाधीशांना पुस्तक फुकट जाई, म्हणून त्यांची मते थोडक्यात. वकील पुस्तक विकत घेत, म्हणून त्यांचे युक्तिवाद सविस्तर. ज्याने पाच प्रतींची आगाऊ नोंदणी केली त्याचा युक्तिवाद नऊ पाने. ज्याने एका प्रतीची, त्याचा दीड पान. ज्याने नोंदणीच केली नाही त्याच्या वाट्याला "दुसऱ्या बाजूच्या वकिलाने विरोध केला" एवढे एक वाक्य. वर जागोजाग वेदरबीच्या स्वतःच्या टिपा, लॅटिनसह. त्या कोणी मागितल्या नव्हत्या.

आता रूडिसिलच्या खटल्याकडे येतो.

हेमलॉक ओढ्यावर याकोब रूडिसिलची पिठाची पाणचक्की होती. वरच्या अंगाच्या एका शेजाऱ्याने स्वतःच्या जमिनीत बांध घालून पाणी अडवले. उन्हाळ्यात रूडिसिलचे चाक थांबू लागले. भांडण वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले आणि १८१६ च्या सत्रात शेवटच्या दिवशी निकालाला आले. प्रश्न एवढाच होता, वरच्याला खालच्याचे पाणी अडवता येते की नाही.

सत्राच्या शेवटच्या दिवशी वकीलमंडळींचे जेवण मिसेस क्विग्लीच्या खाणावळीत असे. कासवाचे सूप, ऑयस्टर, आणि भल्यामोठ्या वाडग्यात रम, लिंबू आणि साखर. ते वाडगे कालवण्याचा मान वेदरबीचा. राज्याने त्याला कसलाही मान दिला नव्हता, त्यामुळे हा मान तो जिवापाड जपत असे.

आमच्या न्यायालयात मुख्य न्यायाधीश आधी बोलत, मग बाकीचे दोघे. बहुतेक वेळा ते दोघे नुसती मान हलवत. त्या दिवशी मुख्य न्यायाधीशांनी बराच वेळ घेऊन सांगितले की स्वतःच्या जमिनीतले पाणी वरच्याने खुशाल अडवावे. वेदरबीने ते टिपले, दौतीला बूच लावले आणि लिंबे पिळायला निघून गेला. त्याची पाठ वळल्यावर दुसरे न्यायाधीश म्हणाले, मला हे मान्य नाही. तिसरे म्हणाले, मलाही नाही. एकाविरुद्ध दोन मतांनी रूडिसिल जिंकला. त्याच उन्हाळ्यात बांध फोडला गेला, चाक फिरू लागले, आणि साऱ्या तालुक्याने ते पाहिले.

वेदरबीने पुस्तकात लिहिले: मुख्य न्यायाधीशांचे मत असे असे, इतर न्यायाधीश सहमत, निकाल बांधवाल्याच्या बाजूने. बांधवाल्याच्या वकिलाने पाच प्रती नोंदवल्या होत्या. नऊ पाने.

कोणी ओरड कशी केली नाही, असे मला लोक विचारतात. हरलेल्या वकिलाला आपण पुस्तकात जिंकलो हे आवडले. जिंकलेला वकील केंटकीला निघून गेला होता. न्यायाधीश फुकटची पुस्तके उघडत नसत. रूडिसिलला चाक फिरण्याशी मतलब. पुस्तक तीन वर्षांनी निघाले, तेव्हा तो खटला कोणाच्या डोक्यातही उरला नव्हता.

मग १८२७ मध्ये ओढ्यावर आणखी वरच्या अंगाला, वेगळ्याच जमिनीत, सुताच्या गिरणीची एक कंपनी आली. तिने वेदरबीचा पहिला खंड वाचला आणि बिनधास्त बांध घातला. म्हाताऱ्या याकोबच्या माघारी चक्की त्याचा मुलगा अँटन चालवत होता. त्याचे चाक पुन्हा थांबले. त्याने दावा लावला. कंपनीच्या वकिलाने त्याच्याच बापाचे नाव असलेला खटला त्याच्या तोंडावर वाचून दाखवला.

अँटन तडक आमच्या दुकानात आला. अंगभर पीठ, डोक्याला टोपी नाही.

"डन्लेव्हीसाहेब, हे तुम्ही छापलंत?"

"छापलं मी, लिहिलं वेदरबीनं," डन्लेव्ही म्हणाले. "मी बायबलही छापतो. म्हणून काय जग मी निर्माण केलं?"

"माझा बाप जिंकला होता हो!"

"अरे, मला सांगून काय उपयोग? कचेरीत नोंद असेल की."

"आहे. एक ओळ. निकाल रूडिसिलच्या बाजूनं. का दिला ते काही नाही. वकील म्हणतो, कंपनीवाले म्हणतील दुसऱ्याच कशावरून तरी जिंकला असेल. म्हणतो, वेदरबीच्या हातचा कागद आण, की पुस्तकात चूक आहे. तरच चक्की वाचेल."

तेव्हाच्या तीन न्यायाधीशांपैकी दोघे वारले होते. तिसरे जिवंत होते, पण येईल त्याला आपल्या घोड्याच्या नावाने हाक मारत. उरला वेदरबी. डन्लेव्ही यांनी मला अँटनबरोबर पाठवले, कारण एकटा गेला तर हात उचलेल अशी त्यांना भीती होती.

वेदरबी न्याहारीला बसला होता. पुढे बकव्हीटची धिरडी, वर काकवी. त्या वर्षी जिल्हा न्यायाधीशाची एक जागा रिकामी होणार होती आणि त्याला ती हवी होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते.

त्याने ऐकून घेतले, तोंड पुसले आणि म्हणाला, "रूडिसिल, तुमचे वडील हरले."

"जिंकले, साहेब. बांध फोडताना कुदळ माझ्या हातात होती."

"बांध फुटला, ही झाली घटना. मी कायद्याबद्दल बोलतोय."

"मग कायद्यानं फुटलेला बांध पुस्तकात उभा कसा?"

मिसेस वेदरबी तव्यापाशी होत्या. त्या न वळता म्हणाल्या, "अहो, तोच ना तो दिवस, तुम्ही सूप खाऊन आलात आणि तीन दिवस अंथरूण सोडलं नाहीत? मुख्य न्यायाधीश बोलून झाले नि मी लिंबांकडे पळालो, असं तुम्हीच तर सांगत होता."

"मार्था, धिरडं करपतंय."

"करपलेलं तुम्हालाच वाढते."

अँटन टेबलापर्यंत गेला. "साहेब, दोन ओळी लिहून द्या. मी शेवटपर्यंत थांबलो नव्हतो, एवढंच. तुमच्या हाताला काय होतंय?"

"निवाडे असे दोन ओळींत लिहायचे नसतात."

"न ऐकता लिहायचे असतात होय?"

वेदरबी लाल झाला. पण ओरडला नाही. ओरडायलाही थोडा कणा लागतो. तो मला म्हणाला, "डन्लेव्हींना सांगा, तिसऱ्या खंडाला मी शुद्धिपत्र जोडतोय. त्यात या मुद्द्याचा योग्य तो विचार होईल."

"तिसरा खंड कधी?" मी विचारले.

"यथावकाश."

"माझी तारीख नोव्हेंबरात आहे," अँटन म्हणाला.

"मग तुम्ही कोर्टाला तारीख पुढे ढकलायला सांगा. पुस्तकाला घाई करता येत नाही."

बाहेर आल्यावर अँटन पायरीवर बसला. "त्या माणसाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "बरोबर काय ते ठाऊक आहे आणि तो काकवी चाटतोय." मी त्याला आमच्या गाडीतून चक्कीपर्यंत सोडले. चाक कोरडे होते, त्यावर कोंबड्या बसल्या होत्या.

नोव्हेंबरात सुनावणी झाली. या वेळी वेदरबी शेवटचा शब्द होईपर्यंत खुर्चीवर होता, कारण या वेळी बोलणे त्याच्याबद्दल होते. अँटनच्या वकिलाने कचेरीतली नोंद पुढे ठेवली. नवे मुख्य न्यायाधीश म्हणाले, पुस्तकात चूक असणे शक्य आहे. मग ते रिपोर्टरकडे वळले आणि त्यांनी विचारले, "आपल्याला काही सांगायचं आहे?"

वेदरबी उठला. अँटन माझ्या शेजारच्या बाकावर होता. त्याने बाकाची कड घट्ट धरली.

"माझ्या टिपणात जे आहे तेच पुस्तकात आहे," वेदरबी म्हणाला आणि बसला.

यात खोटा शब्द एकही नाही. त्याच्या टिपणात खरोखरच दुसऱ्या दोन न्यायाधीशांचा एक शब्द नव्हता.

न्यायालयाने ठरवले की पुस्तक निघून आठ वर्षे झाली. त्याच्या भरवशावर राज्यभर बांध घातले गेले, गिरण्या विकल्या आणि घेतल्या गेल्या. आता जुनी चूक सुधारायला जावे तर अनेकांवर अन्याय होईल. तिघेही एकमताने. एका माणसाने जेवणासाठी केलेली घाई अशी राज्याचा कायदा झाली, आणि ती कायदा का आहे याची कारणे तिघा शहाण्यांनी नीट मांडून दिली. सत्राचा तोही शेवटचाच दिवस होता. न्यायालय उठले तसे सगळे मिसेस क्विग्लीकडे गेले.

पुढच्या वसंतात वेदरबीला जिल्हा न्यायाधीशाची जागा मिळाली. तिथे तो दहा वर्षे बसला. त्याच्या निकालांबद्दल मी काही सांगत नाही. ते कोणी छापले नाहीत, हे राज्याचे भाग्य. तो गेल्यावर वकीलमंडळींनी न्यायालयात त्याचे चित्र लावले. चित्राखाली "अचूकता" हा शब्द सोनेरी अक्षरांत आहे. सोन्याचा खर्च वर्गणीतून झाला. आमच्या दुकानाकडे वर्गणी मागायला आले तेव्हा डन्लेव्ही म्हणाले, "मी त्याला जिवंतपणीच पुष्कळ दिलंय."

तिसरा खंड १८३१ मध्ये निघाला. अँटनच्या खटल्याला त्यात एकतीस पाने आहेत. खाली टीप आहे की पहिल्या खंडाच्या विश्वसनीयतेवर न्यायालयाने येथे शिक्कामोर्तब केले. शुद्धिपत्र कबूल केल्याप्रमाणे शेवटी जोडले आहे. त्यात दोन पानांचे चुकलेले आकडे सुधारले आहेत.

त्या आठवड्यात अँटन दुकानात आला. चक्कीचे दगड त्याने विकले होते, बायकोमुलांना घेऊन ओहायोला निघाला होता. त्याने तिसरा खंड मागितला आणि उभ्याउभ्याच स्वतःचा खटला शेवटपर्यंत वाचला. मध्ये दोन गिऱ्हाइके येऊन गेली.

"या वेळी बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. "शब्द न् शब्द."

"नेतोस?" डन्लेव्हींनी विचारले.

"नेतो. पोरं मोठी झाली की विचारतील, चक्की का सोडली. मला नीट सांगता येणार नाही. याला येतं." त्याने पुस्तक काखेत घातले. "पैसे तिकडून पाठवतो."

डन्लेव्ही म्हणाले, "पाठव."

तिसऱ्या खंडाची किंमत साडेचार डॉलर. अँटन रूडिसिल याच्याकडून ती अद्याप येणे आहे.