तांडेलाची सोय

भाट्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. राजिवड्याहून आमच्या बाजूला यायचं म्हणजे होडीत बसायचं, आणि होडीवाला वल्हं मारता मारता झोपतो की काय अशा चालीने पलीकडे यायचं. झुबेदाबी त्या होडीतून यायची. डोक्यावर जुन्या लुगड्यांचं बोचकं, तोंडात पान. ती गोधड्या शिवायची. दुपारची जेवणं झाली की आमच्या पडवीत तिचा पसारा पडायचा आणि संध्याकाळपर्यंत तिची सुई खालीवर होत राहायची. मी नवी सून, पालीहून आलेली. तिच्याशेजारी बसून दोरे ओवून द्यायचे आणि तिचं बोलणं ऐकता ऐकता पेंगायचे. त्रेपन्न-चोपन्न सालचे ते दिवस मला आजही अर्धवट झोपेत पाहिल्यासारखे वाटतात.

तिचा नवरा रमजान बोटीवर खलाशी. चार-पाच वर्षं तो घरी फिरकला नव्हता. मूलबाळ नाही. घरात ती आणि परसात तिच्या कोंबड्या. त्यांतलं एक पिल्लू आईने टाकलेलं, ते तिने पदरात धरून वाढवलं. त्याचा पुढे हा थोरला तांबडा कोंबडा झाला. मान वर करून सगळ्यांच्या पुढे चालायचा, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं तांडेल. गलबतावरचा म्होरक्या तो तांडेल. मला कोंबड्यांचं कौतुक कधीच नव्हतं, त्यामुळे गोधडीच्या प्रत्येक टाक्याला तांडेलाची एक गोष्ट ऐकायची म्हणजे शिक्षाच होती. तो तिच्या हातावरचे कण सोडून दुसरं धान्य खात नाही म्हणे. तो मोहल्ल्यातल्या मांजराला वखारीपर्यंत हाकलून आला म्हणे. मी हूं हूं करायचे.

मग रमजान आला. पत्र्याची पेटी घेऊन तो फाटकातून आत शिरला आणि तांडेल त्याच्या पोटरीवर तुटून पडला. कोंबड्याचं तरी काय चुकलं? त्या परसात त्याने आजवर दुसरा पुरुष पाहिलाच नव्हता. पहिल्या दिवशी रमजान हसला. मग रोज व्हायला लागलं. विहिरीवर जा, अंगणात खाट टाकून पड, हा गडी चोच रोखून हजर. रमजानने त्याला टोपलीखाली झाकून पाहिलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि तांडेल तर झाकून राहणाऱ्यातला नव्हताच. शेवटी रमजानने बायकोला सांगितलं, मी स्वतःच्या घरी आलोय की पाहुणा म्हणून आलोय ते ठरव. येत्या जुम्म्याला याचं सालन ताटात पडलं पाहिजे.

झुबेदाबी भांडली नाही. इतक्या वर्षांनी आलेल्या माणसाशी कोंबड्यावरून भांडायचं तिला शोभेना. तिने एवढंच मागून घेतलं की मी त्याची दुसरीकडे सोय करते, तू सुरी काढू नको. आणि ती घर शोधत हिंडायला लागली. मुलीला स्थळ पाहतात तसं म्हणा ना. पण पोसलेल्या कोंबड्याला बघणारा जो तो आधी तंगडी बघतो. शेजारीण हो म्हणाली आणि मसाल्याचा डबा बघून आली. नणंदेने तर जेवायला कोण कोण येणार तेही ठरवलं.

आणि मग तिला आमची आठवण झाली. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. तिने मनाशी हिशेब केला, जिथे अंडं चालत नाही तिथे कोंबडा म्हातारा होऊनच मरणार. एके सकाळी होडीतून ती तांडेलाला काखेत घेऊन उतरली. माझे सासरे, आप्पा, अंगणात सुपाऱ्या सोलत होते. त्यांनी कोंबडा बघितला, चेहरा खुलला आणि लगेच राहू दे म्हणाले. झुबेदाबीने त्यांना तोंडभर दुवा दिली. मला आश्चर्य वाटलं, पण सुनेने विचारायचं नसतं. तांडेल कलमांच्या बागेत पाचोळा उकरत फिरायला लागला. आमचा बागेतला गडी गंगाराम त्याला तांदूळ टाकायचा. तांडेल त्या तांदळांकडे बघायचाही नाही, किडे शोधायचा. म्हणजे झुबेदाबीची ती गोष्ट थाप नव्हती तर.

पुढच्या आठवड्यात झुबेदाबी आमच्याकडची मोठी गोधडी पुरी करायला बसली होती. मार्गशीर्षातली ऊन उतरायची वेळ. पडवीत तिने घातलेले निळे-पिवळे तुकडे, पलीकडे खाडीचं संथ पाणी, सगळं जागच्या जागी थांबल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात गंगाराम आला. हातात नारळ, कोहळा, उदबत्त्या, शेंदूर, आणि कमरेला कोयती. त्याने तांडेलाला उचललं, वजनाचा अंदाज घेतला आणि आप्पांना म्हणाला की राखणदाराने यंदा आपली राखण आपणच धाडली.

झुबेदाबीची सुई तशीच राहिली. माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. आमच्या बागेच्या वरच्या अंगाला किंजळीच्या झाडाखाली एक दगड आहे, तो बागेचा राखणदार. मोहोर यायच्या आधी दरवर्षी त्याला कोंबडा द्यायचा, त्यालाच राखण म्हणतात. आम्ही शिवत नाही, गड्यांच्या हातून होतं, आणि प्रसाद गडीच खातात. राजिवड्यातल्या बाईला हे कुठून माहीत असणार? बिचारा कोंबडा आगीतून निघून फुफाट्यात पडला होता.

"आप्पा, तुमी तर खात नाय," ती एवढंच म्हणाली.

"आम्ही नाही खात," आप्पा खाली बघत म्हणाले. "राखणदार खातो."

त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. त्यांना वाटलं होतं तिला ठाऊक आहे, आणि बाग सांभाळणाऱ्याच्या नावाने ती आपणहून देते आहे. पण राखण चुकवायची कशी? एका वर्षी चुकली तेव्हा गंगारामचा भाऊ फांदीवरून पडून जन्माचा लंगडा झाला. गंगाराम कोंबडा घेऊन वरच्या अंगाला निघाला. झुबेदाबी उठली, गोधडी बाजूला केली आणि त्याच्यामागे चालायला लागली. सुनांनी तिथे जायची पद्धत नव्हती. आप्पा पुढे होते, तरी मी गेले.

गंगारामाने दगडाला शेंदूर लावला, उदबत्ती खोचली आणि गाऱ्हाणं घातलं. सालाबादप्रमाणे तुझी राखण आणली आहे, मान्य करून घे, झाडावर चढणाऱ्या लेकरांना सांभाळ. मग त्याने दगडापुढे तांदूळ ठेवले. कोंबड्याने कण टिपला की राखणदाराने कौल दिला, मग कोयती. टिपला नाही तर कोयतीला हात लावायचा नाही.

तांडेलाने तांदळाकडे बघितलं आणि मान वळवली. गंगारामाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. तांडेल झुबेदाबीकडे बघत उभा. ऊन किंजळीच्या शेंड्यावर गेलं, खालून खाडीवरचा वारा आला. देव नको म्हणतोय म्हटल्यावर आप्पांचा चेहरा उतरला, कारण मग दुसरा कोंबडा आणायचा. आणि तांडेलाला परत न्यायचं तर कुठे? रमजानच्या सुरीखाली.

झुबेदाबी पुढे झाली. "गंगाराम, आमच्यात पिराच्या नावानं जनावर जितं सोडतात. त्याला मग कोन हात लावत नाय. तुज्या राखणदाराला विचार, जिता चालंल काय."

गंगारामाने दगडाकडे बघितलं. मला वाटलं, भावाचा पाय त्याच्या डोळ्यांपुढे असणार. मग त्याने हात जोडून वेगळंच गाऱ्हाणं घातलं. बा राखणदारा म्हाराजा, हा तुझ्या पायाशी जिता सोडतो, तुझ्या बागेत राहील, तुझा म्हणून मरेल. रक्ताच्या जागी कोहळा घे. आणि खालचे तांदूळ त्याने मुठीत गोळा केले ते झुबेदाबीच्या तळहातावर ठेवले.

"वस्तू तुजी हाय, तुज्या हातानं दे," तो म्हणाला. "राखणदाराला जातपात नाय."

आठवडाभर टाकलेले तांदूळ न खाणारा कोंबडा कुणाच्या हातचं खातो, हे त्याला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण यात देवाला फसवल्यासारखं मला तेव्हाही वाटलं नाही. झुबेदाबी उकिडवी बसली, हात पुढे केला. तांडेल टुणकन आला आणि एकेक कण टिपायला लागला. तिने सगळे संपेपर्यंत हात हलवला नाही.

गंगारामाने कोहळा कापला, नारळ फोडला. मग तो तिला हळूच म्हणाला की आता हा राखणदाराचा झाला, याला हाक मारू नको, हातावर दाणे देऊ नको. दिलेलं परत घेतल्यासारखं होईल. तिने मान हलवली.

मी तिला होडीपर्यंत पोचवायला निघाले. मागे पाचोळा वाजत होता. तांडेल आमच्या पाठोपाठ येत होता, नेहमीसारखा मान वर करून. मी मागे बघत होते, तिने एकदाही बघितलं नाही. धक्क्यावर ती होडीत बसली आणि मला काय वाटलं कोण जाणे, मीही तिच्याबरोबर बसले. तांडेल पाण्याच्या कडेला येऊन थांबला. होडी सुटली तसा तो ओरडायला लागला. झुबेदाबीने पदराने तोंड झाकलं आणि पलीकडचा काठ जवळ येईपर्यंत ती रडत होती.

उतरताना तिने डोळे पुसले आणि माझा हात धरला. "वहिनी, माजा माणूस इतक्या वर्सांनी आला, तवा मना रडू आला नाय. आज आला. तेला कवा सांगू नका."