मामांनी सुचवलेलं पुस्तक

लोकांना पुस्तकं सुचवायला कायद्याने बंदी घालायची ठरलीच, तर पहिली नोटीस माझ्या बायकोच्या मामांना जाईल. डहाणूहून झाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची चिकूची वाडी होती. दारात आलेला माणूस चिकू घेऊन जाईल न जाईल, पण एक पुस्तक आणि गिटारवाला एक आल्बम घेतल्याशिवाय सुटत नसे. तुम्हाला काय आवडतं, असं मामा कधी विचारत नसत. चिकू तयार झालाय की नाही ते नखाने साल खरवडून बघतात ना, तसं ते दोन-चार आडवेतिडवे प्रश्न विचारून माणूस खरवडून बघत. मग आत जात आणि पुस्तक आणून हातात कोंबत. माझ्या वाट्याला पहिल्याच भेटीत एक खुनाची कादंबरी आली. लग्न नवं होतं, सासरच्या माणसाला नाही कसं म्हणणार?

कादंबरी अशी रंगली की कचेरीतही मी ती फायलीखाली ठेवून वाचत होतो. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं, खाकरून घसा साफ केला, आणि मी पान उलटलं तर पुढे पुठ्ठा! शेवटची पानं कोणी तरी पट्टी लावून नीट फाडली होती. मी हादरलोच. बायको शांतपणे म्हणाली, "अहो, मामांनीच फाडली असतील. ते सगळ्यांचीच फाडतात." पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या घरात मी वाढलो. मी तडक रिक्षा करून वाडीवर गेलो.

मामा ओट्यावर बसले होते. "या जावईबापू, वाटच बघत होतो. आधी चहा. मग सांगा, खून कोणी केला?"

"ते मला कसं कळणार? पानं तुमच्याकडे!"

"म्हणून तर विचारतोय."

दिवेलागणीपर्यंत आम्ही त्या खुनावर भांडलो. मग मामांनी आतून बिस्किटांचा डबा आणला. त्यात निरनिराळ्या पुस्तकांचे शेवट रबरबँड लावून ठेवले होते. माझी पानं तिथेच वाचायची आणि परत करायची, असा नियम होता. खुनी मला वाटला तो नव्हताच, हा आणखी एक धक्का.

आल्बमचीही तीच गत. पेनड्राइव्हवर ते सगळी गाणी भरून देत, शेवटचं सोडून. धाकटी डहाणू या कोळ्यांच्या गावाहून बोंबील घेऊन येणाऱ्या मावशींना त्यांनी एकदा गिटार नुसती किंचाळते असला आल्बम दिला. मी कपाळाला हात लावला. आठवड्याने मावशी पाटी उतरवून ओट्यावर उभ्या. "ओ शेठ, शेवटचा गाना कुठं ठेवलाव? आमचा मालक होडीवर रोज तेच लावतो, नि संपला की माझ्यावर ओरडतो!" मावशींना चहा मिळाला, गाणं ऐकायला मिळालं, आणि मामांचा दिवस चांगला गेला.

मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी बडोद्याला. आमचं हे चिडून, तणतणत येणं हाच त्या माणसाचा संसार होता, हे मला उशिरा कळलं. कळलं तेव्हा मोबाईलवर नेट स्वस्त झालं होतं. शेवटचं गाणं ज्याला त्याला घरबसल्या मिळू लागलं, कादंबऱ्यांचे शेवटही. मावशी बोंबील द्यायच्या आणि उभ्या-उभ्याच निघायच्या. मामा मात्र चहाचं आधण पूर्वीइतकंच ठेवत.

एकदा बायकोने मोबाईलवर शेवट वाचून मला सांगूनही टाकला. तरी मी वाडीवर गेलो आणि मुद्दाम भलत्याच माणसावर खून ढकलला. मामांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "जावईबापू, नाटक तुम्हाला अजिबात जमत नाही. पण आलात ना, बसा." मला इतकं लाजल्यासारखं झालं की चहात साखर नाही हेही बोललो नाही.

मग डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे हादरे सुरू झाले. भांडी वाजायची, भिंतींना तडे जायचे, माणसं अंगणात झोपायची. बडोद्याची लेक गाडी घेऊनच आली. "पप्पा, हलत्या घरात तुम्हाला एक दिवस ठेवणार नाही." मामा वाद न घालता गाडीत बसले.

गाडीच्या खिडकीतून हात काढून त्यांनी मला एक कादंबरी दिली. सवयीने मी आधी मागची बाजू पाहिली. शेवट होता! अगदी शेवटच्या पूर्णविरामापर्यंत.

"मामा, अहो, यात सगळी पानं आहेत!"

"असू देत. आता चहाला कुठे येणार तुम्ही?"

मला काय झालं कोण जाणे, मी तिथल्या तिथे शेवटचं प्रकरण धरलं आणि टर्रकन फाडलं. बायको किंचाळली. लेक बघतच राहिली. पट्टीबिट्टी काही नव्हती, कडा वेड्यावाकड्या आल्या. ती पानं मी मामांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती नीट जुळवली, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. "विचार करून या," एवढंच म्हणाले.

बडोदा काही लांब नाही. पण रजा, मुलांच्या परीक्षा, काही ना काही निघतं. मामांचा फोन येतो. सुरुवातीला विचारायचे, "खुनी सापडला का?" हल्ली पुस्तकाचा विषयच काढत नाहीत. नुसतं विचारतात, "कधी येताय?"