मिलिमीटरसाहेबांचं जाकीट

वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून साहेबांची एकतीस वर्षं गेली. तराजू, मीटरपट्ट्या, दुधाची मापं, पेट्रोल पंपाच्या नळ्या, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. एकदा भर गर्दीत, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत, त्यांनी एका कापडवाल्याची पट्टी दोन मिलिमीटर आखूड आहे म्हणून जप्त केली आणि वर त्यालाच पंधरा मिनिटं प्रामाणिकपणावर ऐकवलं. त्या दिवसापासून बाजारात त्यांचं नाव पडलं मिलिमीटर. साहेबांना ते ठाऊक होतं. तोंडावर आठी आणून ते नापसंती दाखवत, पण आतून गुदगुल्या होत.

त्यांच्या पँटचा आकडा लग्नापासून चौतीस होता. हे ते चारचौघांत आवर्जून सांगत. आकडा तोच राहिला आणि पँट तेवढी वर्षाकाठी बोटभर खाली सरकत गेली, हे मात्र सांगायचं राहून जाई.

सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी मोटारसायकल घेतली. पहिले तीन आठवडे ती गाडी घराखाली कापड पांघरून उभी होती. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, चालवायची आहे की तिची नुसती तब्येत विचारायची आहे?" तेव्हा साहेब निघाले आणि आपल्यासारख्याच सहा जणांच्या टोळक्यात सामील झाले. हे सातही वीर दर रविवारी सकाळी पंचवीस किलोमीटर जात, कॉफी पीत, कंबर धरून फोटो काढत आणि परत येत.

टोळक्याचे म्होरके होते दातांचे डॉक्टर. त्यांच्या अंगात बिनबाह्यांचं काळं चामडी जाकीट असे. कडांना चामड्याच्या वाद्यांचा गोफ विणलेला, आणि पाठीवर खांद्यांपासून कमरेपर्यंत उतरणारी जाड वेणी. डॉक्टर गाडीवरून उतरले की कॉफीवाल्या पोऱ्यासकट सगळे वळून बघत. मिलिमीटरसाहेब उतरले की कुणी बघत नसे. त्यांच्या अंगात मुलीचं कॉलेजातलं जुनं विंडचीटर असे, पाठीवर लिहिलेलं, 'आंतरमहाविद्यालयीन खो-खो'.

चार रविवार साहेबांनी कळ काढली. पाचव्या रविवारी डॉक्टरांकडून पत्ता घेतला.

टायरच्या दुकानामागे एक चिंचोळी खोली होती. भिंतीला चामड्याची पानं टांगलेली, मेणाचा आणि तेलाचा वास, आणि खिडकीशी खाली बैठक मारून एक पन्नाशीची बाई चामड्याच्या वाद्या ओढत बसलेली. घोड्यांचे लगाम, कुत्र्यांचे पट्टे, पिशव्यांचे बंद, सगळं ती हाताने विणायची. लोक तिला गोफवाली म्हणत. तिने मान वर केली, साहेबांना ओळखलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"टेप भिंतीला आहे," ती म्हणाली. "तुमच्याच शिक्क्याची. बघून घ्या."

साहेबांना आठवेना. मग आठवलं. अकरा वर्षांपूर्वी याच खोलीतून त्यांनी एक कापडी टेप उचलली होती, सहा मिलिमीटर ताणलेली.

"मी तपासणीला आलो नाहीये," ते जरा वरमून म्हणाले. "जाकीट शिवून घ्यायचंय. गोफाचं."

ती उठली. खांदे, पाठ, छाती मोजली. टेप पोटाकडे वळताच साहेबांनी पोट असं आत ओढलं की त्यांचे कान लाल झाले.

"श्वास सोडा, साहेब."

"सोडलाय."

"मग आवाज असा चोंदलेल्या नळासारखा का येतोय?"

"तुम्ही आकडा लिहा."

तिने आकडा वाचला. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. "एक सांगते. चामडं कापडासारखं नसतं. आत दाबून ठेवायला शिलाईत माया नसते. गोफ एकदा ओवला की वाढवणं कठीण."

"बाई, मापाबद्दल तुम्ही मला शिकवणार?"

तिने वही पुढे केली. "मग सही करा." साहेबांनी झोकात सही ठोकली, वर तारीख घातली.

काम चार महिने चाललं आणि साहेब दर शनिवारी तिथे हजर. कातडं नुसतं बघून त्यांचं भागेना. वाद्या ओल्या करून, कडा छिलून ती आठपदरी गोफ विणायची तेव्हा ते खिशातून पट्टी काढून दोन छिद्रांमधलं अंतर मोजायचे. "इथे चार आहे, इथे साडेचार."

"कातड्याला तुमचा नियम वाचून दाखवा," ती म्हणायची. तिसऱ्या शनिवारी तिने ओल्या वाद्यांचा जुडगा त्यांच्या हातात दिला. "धरा घट्ट." साहेब तास-दीड तास खुंटीसारखे उभे राहिले. विणता विणता ती मध्येच म्हणाली, "ती टेप तुमच्या कचेरीत असेल का हो अजून? आईची होती. तिच्यावर तिने खुणा केल्या होत्या, कुठल्या घोड्याला किती लागतं त्याच्या."

सोमवारी साहेबांनी जप्तीच्या खोलीतलं रजिस्टर काढलं. टेप नियमानुसार नष्ट केलेली होती. खाली त्यांचीच सही, अशीच झोकदार. पुढच्या शनिवारी ते एवढंच म्हणाले, "नाही सापडली." तिने पुन्हा विचारलं नाही. त्यांनी पट्टी मात्र त्या दिवसापासून घरीच ठेवली.

जाकीट तयार झालं. काळंभोर, कडांना गोफ, पाठीवर डॉक्टरांपेक्षा जाड वेणी. साहेबांनी ते चढवलं, आरशापुढे उभे राहिले, आणि पुढची दोन टोकं एकमेकांकडे अनोळखी माणसांसारखी बघत राहिली. मधे चांगलं अर्धी वीत पोट. साहेबांनी श्वास ओढला. टोकं जवळ आली, हूक लागला, पण श्वास सुटताच निसटला. चार महिन्यांच्या कॉफीने आणि तिच्याबरोबरच्या बनपावांनी आपलं काम केलं होतं.

"आखूड झालंय," साहेब म्हणाले.

"वहीत बघू या?"

"तुमची टेप बिघडलीय."

गोफवालीने भिंतीवरून टेप काढली, जाकिटाची घडी घातली आणि दोन्ही त्यांच्या हातात दिलं. "तपासा. तुमचाच धंदा आहे."

घरी बायकोने जाकीट वरखाली करून पाहिलं. "अहो, काम सुरेख आहे. पण हे कुणासाठी केलंय?" साहेबांनी जाकीट उचलून कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर अर्ज केला आणि टेप व जाकीट आपल्याच खात्याच्या प्रयोगशाळेत पाठवून दिलं.

प्रयोगशाळेतली सहायिका तिशीची होती. साहेबांनीच तिला तयार केलं होतं. एका मापावर विश्वास ठेवायचा नाही, तीनदा मोजायचं, दोन मापांत दोन मिनिटांचं अंतर, हे तिने त्यांच्याकडूनच घोटून घेतलेलं. बुधवारी ती अहवाल घेऊन आली.

"टेप अचूक आहे, साहेब. जाकीट कमरेत अठ्ठ्याण्णव. तिन्ही वेळा तेच."

"मग?"

"तक्रार दोन वस्तू जुळत नाहीत अशी आहे. एक तपासली. दुसरी राहिलीय." तिच्या हातात पोलादी टेप होती.

साहेबांनी हसून वेळ मारून नेली असती, पण शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी फाइली मिटल्या होत्या आणि चहा देणाऱ्या मावशी किटली घेऊन दारातच थबकल्या होत्या. ते उभे राहिले. पोट आत गेलं.

"अठ्ठ्याण्णव, शून्य," सहायिकेने वाचलं. साहेबांनी विजयी मुद्रेने मावशींकडे पाहिलं.

"आता दोन मिनिटं थांबायचं. हलू नका." ती घड्याळाकडे बघत राहिली.

पन्नास सेकंद गेले. साहेबांच्या कपाळावर शीर उठली. ऐंशीला डोळ्यांत पाणी आलं. शेवटी सायकलच्या ट्यूबमधून जावी तशी हवा त्यांच्या तोंडावाटे गेली.

"एकशे चार, शून्य."

आणखी दोन मिनिटांनी साहेबांनी सगळाच नाद सोडलेला.

"एकशे नऊ, पाच. सरासरी काढू का, साहेब? फरक फार आहे. अशा वस्तूला आपण अस्थिर म्हणतो."

"नको," साहेब म्हणाले. "शेवटचा आकडा धर." आणि अहवालावर सही केली. या खेपेला सहीला झोक नव्हता. मावशींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि साखर टाकू का, असं दयेने विचारलं. त्या दयेनेच साहेब जास्त पोळले.

शनिवारी ते टायरच्या दुकानामागे गेले. टेप भिंतीला लावली, अहवाल पुढे ठेवला आणि उभ्या उभ्या बोलून टाकलं. "चूक माझी होती. आताची आणि... ती मागचीही. ताणलेली होती ती खरंच. पण आतल्या खुणा मी बघायला हव्या होत्या. ती जाळली गेली. सही माझी आहे."

गोफवालीने अहवाल शेवटपर्यंत वाचला. माफ केलं असं काही तिने म्हटलं नाही. "बसा," ती म्हणाली. "जेवून उठल्यासारखे बसा. तसेच मोजते."

तिने दोन्ही बगलांना काप घेतले आणि मधे चौकडीची गोफाची जाळी विणून बसवली. त्याला आणखी दोन महिने लागले. साहेब शनिवारी जात, वाद्या धरत आणि मुकाट बसत. ते मुकाट बसू शकतात ही बातमी बाजारात कुणाला खरी वाटली नाही.

जाकीट नीट बसलं त्या रविवारी साहेबांनी पहिल्यांदाच बायकोला गाडीवर मागे बसवून नेलं. कॉफीच्या जागी दातांचे डॉक्टर जाकिटाभोवती फिरले. "हे बाजूला जाळीचं काय? माझ्याला नाही हे!"

मिलिमीटरसाहेबांनी घसा साफ केला. एकतीस वर्षांची सवय आठ महिन्यांत थोडीच जाते? "हवा खेळती राहते," ते म्हणाले. "मी मुद्दाम करून घेतलं. वेगात फार फरक पडतो."

"मलाही घालून घेतो," डॉक्टर म्हणाले. "पहिल्यापासूनच सांगायला हवं होतं बघा."

बायको शेजारीच कॉफी पीत होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, कपाच्या कडेआड हसू लपवलं आणि म्हणाली, "चला, ऊन चढतंय."

परतीच्या वाटेवर साहेबांनी डॉक्टरांना गाठायला गाडीचा कान पिळला. मागून बायकोने दोन्ही हातांची बोटं बगलेतल्या जाळीत अडकवली आणि एकच हिसका दिला. साहेबांनी वेग कमी केला. डॉक्टर वळणाआड दिसेनासे झाले, मागचे पाच जणही एकेक करून पुढे गेले, आणि ही दोघं रस्त्याच्या कडेकडेने, बायकोला हवी त्या गतीने घरी आली.