घट बसायच्या आत भुरूची शाळा

ह्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं आणि घरात शिकवायला दुसरं कुणी नाही म्हणून हे मलाच शिकवायला लागले. कांदा उभा चिरावा की आडवा, कुकरच्या शिट्ट्या किती घ्याव्यात, बहिणीशी फोनवर किती वेळ बोलावं! हे म्हणजे रेणुकादास मास्तर, नांदेडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते. आणि मी सौदामिनी, त्यांची बायको. एकदा जीव इतका मेटाकुटीला आला की देवीपुढे हात जोडले, "आई, ह्यांना एखादा विद्यार्थी दे गं बाई, माझी सुटका कर." देवी ऐकते हो, पण विद्यार्थी कसला पाहिजे, हे विचारत बसत नाही.

पोळा झाला आणि ह्यांचा जुना विद्यार्थी हरिओम देवणीहून आला. तिकडे त्याची शेती आहे. पिशवीतून त्याने भुरकट रंगाचं पिल्लू काढलं आणि थेट ह्यांच्या मांडीवर ठेवलं. "सर, आमच्या कुत्रीनं पाच दिली. हे सगळ्यात आगाव हाय. तुमच्याबिगर कुणाकडनं सरळ होणार न्हाई." पिल्लाने त्याच क्षणी मांडीवर शू केली. सदऱ्यावर शाईचा ठिपका पडला तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस, आणि खदाखदा हसत सुटला! मी बघतच राहिले. निवृत्तीनंतर ह्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पिल्लाचं नाव ठरलं भुरू.

मग काय विचारता! शू बैठकीत, शी पलंगाखाली आणि झोप माझ्या चपलेवर. ह्यांनी वाचायला म्हणून खाली पेपर पसरला की भुरू अग्रलेखावर जाऊन मोकळा! मी म्हटलं, "अहो, त्याला काहीतरी शिकवा की."

"वय काय त्याचं? जेमतेम दोन महिने! सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मी कुणाचं पोर पहिलीत घेतलं नाही, पुढाऱ्याची चिठ्ठी आली तरी नाही. शिवाय विद्यारंभाला दसरा आहे ना? पाटीपूजन करू आणि लगेच शाळा सुरू."

"आणि तोवर?"

"तोवर बालपण."

'बालपण' म्हणायला ह्यांचं काय जातंय! पुसून कोण राहिलंय? मी! माझं डोकंच फिरलं. "दसऱ्याच्या आधी नवरात्र येतं, हे तुमच्या पंचांगात आहे का नाही? नऊ दिवस अखंड दिवा, देवघरात घट, सगळं सोवळ्यात. घट बसायच्या आत हे शहाणं झालं तर राहील. नाहीतर हरिओम घटाची माती घेऊन येतोच दरवर्षी, त्याच जीपमधून ह्याला देवणीला धाडते."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मलाही वाईट वाटलं, कशाला खोटं बोलू? पण माझाही शब्द म्हणजे शब्द.

लस द्यायला भुरूला घेऊन आम्ही ऑटोने डॉक्टर वैष्णवीकडे गेलो. गुरा-कुत्र्यांची डॉक्टर, पोरगी तरुण, पण बोलायला खमकी. तिने विचारलं, "सर, शी-शू शिकवायला सुरुवात केली ना?" ह्यांनी सहा वर्षं, पहिलीचा प्रवेश, दसरा, सगळं भाषण ऐकवलं. तिने सुई टोचता टोचता ऐकून घेतलं.

"सर, ते तुमच्या घरी आल्या दिवसापासून शिकून राहिलंय. तुम्ही शिकवा नाहीतर नका शिकवू. पेपरवर शू करायचं कुणी शिकवलं त्याला?"

मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या.

"झोपून उठलं, खाल्लं, खेळलं, की लगेच ठरलेल्या जागी न्यायचं. केलं की तिथल्या तिथं शाबासकी. चुकलं तर मारायचं नाही, नाक घासायचं नाही. 'बस', 'थांब' पण आत्ताच सुरू करा, जरा जरा वेळ, खेळल्यासारखं. फक्त लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर नेऊ नका, अंगणातच शिकवा."

आता आमच्या अंगणात सगळी फरशी. मातीचा कण नाही. पण मास्तर एकदा पेटले की पेटले! समोर घराचं बांधकाम चाललं होतं, तिथून घमेलंभर माती आणली आणि अंगणाच्या कोपऱ्यात मांडली. भुरूने डोळे उघडले की हे त्याला उचलून घमेल्याकडे धावत सुटायचे, धोतराचा सोगा एका हातात, पिल्लू दुसऱ्या हातात. "कर बाळा, कर. मातीत कर." भुरू सगळं अंगण हुंगायचा, घमेलं सोडून. आणि एकदाची त्याने केली! ह्यांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या महामायाबाई भिंतीवरून डोकावल्या. "काय हो, नातवाचा निकाल लागला का?" हे भुरूला भाकरीचा तुकडा भरवण्यात गुंग होते.

पितृपक्षात तर कमालच झाली. भुरू आपणहून घमेल्याकडे जायला लागला. घमेलं जिन्याखाली सरकवलं तरी शोधून काढलं. हे छाती फुगवून म्हणाले, "माती ओळखतो पठ्ठ्या! शंभर टक्के निकाल!" मीसुद्धा हे बघत नसले की भाकरीचा तुकडा दाखवून "बस" म्हणून बघायचे. बसायचं हो ते, कान टवकारून! इतकं गोड दिसायचं की काय सांगू. देवणीचा विषय मी काढणंच सोडून दिलं.

घटस्थापनेला सकाळीच हरिओम जीप घेऊन हजर. मी सांगितलं, "पिल्लू राहणार बरं का, मास्तरांनी पास केलं त्याला." तोही खूश. शेतातली काळीभोर, चाळलेली माती त्याने परडीत पसरली आणि परडी देवघरापुढच्या पाटावर ठेवली. मी सोवळं नेसून सात धान्यं आणायला आत वळले.

तेवढ्यात भुरू झोपेतून उठला.

त्याने माती बघितली. शेपटी ताठ, कान मागे, आणि निघालं ना बाण सुटल्यासारखं! "अगं बाई, धरा त्याला!" मी ओरडले, पण उशीर झाला होता. परडीत एक गिरकी घेतली, ऐसपैस बसला आणि सगळं यथासांग उरकलं. मग उतरून ह्यांच्यापुढे येऊन बसला, तोंड वर करून. भाकरी द्या म्हणे!

देवीची परडी! "झालं तुमच्या मनासारखं?" मी ह्यांच्यावर कडाडले. "मी बोलले होते की नाही? हरिओम, घेऊन जा ह्याला." बिचाऱ्या हरिओमने भुरूला उचललं. "जाऊ द्या काकू, शेतात राहील, तिथं माती लई हाय." भुरू त्याच्या खांद्यावरून ह्यांच्याकडे बघून कुंई कुंई करायला लागला.

आणि हे दारात आडवे उभे राहिले.

"त्याचं काय चुकलं? मातीत कर म्हटलं, त्याने मातीत केलं. कुठली माती कशासाठी, हे मी शिकवलंच नाही. माझं चुकलं."

माझं चुकलं! अहो, लग्न झाल्यापासून हे दोन शब्द ऐकायला माझे कान तरसले होते! रेल्वे सुटली तर स्टेशनचं घड्याळ चुकलं. चहा उतू गेला तर दूध चुकलं. माझ्या माहेरच्या लग्नाला एक दिवस उशिरा पोचलो तेव्हा अख्खं पंचांग चुकलं, पण हे नाही! आणि आज, एवढ्याशा कुत्र्यासाठी, डोळ्यांत पाणी आणून...

मी मटकन खाली बसले आणि अशी हसत सुटले की सोवळ्याचा पदर तोंडात कोंबावा लागला. हसता हसता रडायलाच लागले. हे घाबरले, "अगं, काय झालं? पाणी देऊ का?"

"हरिओम," मी म्हटलं, "पिल्लू खाली ठेव आणि जीपमध्ये दुसरी माती असेल तर आण. नवी परडी मी देते. महिनाभरात ज्याने ह्यांच्या तोंडून हे वदवलं, त्याला देवणीला धाडायला मी काय येडी हाय का?"