चुलतभावाच्या नावाने फेकलेला चेंडू

ती घटना आठवली की सर्वांत आधी मला माझीच सही दिसते.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक विधवा बाई सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन ठाणे अंमलदारासमोर उभी राहिली. मुलाला जहाजावरच्या नोकरीचं प्रशिक्षण घ्यायचं होतं, त्यासाठी पासपोर्ट हवा होता. पासपोर्ट कार्यालयाने कळवलं होतं की याच नावाने, याच जन्मतारखेने आणि याच आईबापाच्या मुलाला पासपोर्ट आधीच दिलेला आहे.

"साहेब, मला एकच मुलगा. तो हा. मग तो दुसरा कोण?"

मी गोपनीय शाखेतून आदल्या वर्षीची पडताळणीची फाईल मागवली. अर्जावरचा फोटो वेगळ्याच मुलाचा होता. बाईने तो पाहिला आणि बाकावर बसली. "हा माझ्या दिराचा मुलगा. सौदीला असतात ते, गेल्या वर्षी सुट्टीत आले होते. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय म्हणून दिराने माझ्या पोराचा दाखला नेला होता."

फाईलच्या शेवटी 'अर्जदार समक्ष भेटला, ओळख पटली' असा अहवाल होता. त्याखाली हवालदाराची सही, आणि त्याखाली माझी.

"फिर्याद लिहून घेऊ?" मी विचारलं.

"नको साहेब. नवरा गेल्यापासून दिरानेच सांभाळलंय आम्हाला. मला फक्त माझ्या पोराचं नाव परत द्या."

ती फिर्याद द्यायला तयार नव्हती, म्हणून मी सरकारतर्फे गुन्हा नोंदवला. हवालदाराने कबूल केलं की तो त्या घरी गेलाच नव्हता. तहसीलसमोरच्या एजंटाच्या दुकानातच त्याने अहवाल लिहिला होता. एजंटाला आणून बसवलं. पहिला तासभर त्याला काहीच आठवत नव्हतं. त्याच्या संगणकातला बाईच्या खोट्या सहीचा नमुना समोर ठेवल्यावर आठवू लागलं.

"खेळासाठी केलं, साहेब. मुलगा दोन वर्षांनी लहान दिसायला हवा, एवढंच मला सांगितलं होतं."

"कुठला खेळ?"

"क्रिकेटसारखाच. पण बॅट गोल असते म्हणे."

याच सुमारास हज यात्रेकरूंच्या सेवेसाठी प्रतिनियुक्तीवर मक्केला जाण्याचा माझा आदेश निघाला. जाण्यापूर्वी मी वरिष्ठांना भेटलो. ते म्हणाले, "तिकडे तुम्हाला तपासाचा अधिकार नाही. जबाब नाही, अटक नाही."

"होय सर. फक्त बोलेन."

मक्केत हरवलेले यात्रेकरू, आजारी यात्रेकरू, चुकलेल्या बॅगा यांतून मान वर काढायला वेळ नव्हता. हज पार पडल्यावर आमच्या इमारतीत कपडे धुणारा एक माणूस भेटला. त्या बाईच्याच गावचा. गावाचं नाव काढताच तो आपणहून बोलू लागला.

"तिचा पुतण्या मोठा खेळाडू झालाय साहेब. जुबैलला परदेशी इंजिनियरांच्या वसाहतीत बेसबॉल खेळतो. परदेशातल्या एका संघाचा माणूस पुढच्या आठवड्यात करारावर सही घ्यायला येणार आहे."

म्हणजे माझ्या हातात आठवडाच होता. करारावर ते नाव एकदा चढलं की ते परदेशी कागदपत्रांतही पक्कं होणार होतं, आणि विधवेच्या मुलाने आयुष्यभर 'मीच तो' म्हणून दारोदार फिरायचं होतं. त्या माणसाकडून नंबर घेऊन मी त्याच संध्याकाळी बाईच्या दिराला फोन केला. मी कोण, ते सांगितलं. "इथे मी तुम्हाला हात लावू शकत नाही. पण मुलाला घेऊन मक्केला या. नाही आलात तर सोमवारी वकिलातीला पत्र जाईल." त्याने पत्ता विचारून घेतला. मग म्हणाला, "येतो."

शुक्रवारी दुपार कलताना, असरच्या नमाजानंतर बापलेक आमच्या इमारतीखालच्या चहाच्या हॉटेलात आले. बाप जुबैलजवळच्या रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पावर ऑपरेटर. सौदीकरणाचे दिवस होते. त्याच्या जागेवर बसवायला एक सौदी तरुण आला होता आणि त्याला काम शिकवायची जबाबदारी यालाच दिली होती. तो तरुण तयार झाला की याचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, पुन्हा निघण्याची शाश्वती नव्हती.

मुलगा माझ्यापेक्षा हातभर उंच. लहानपणी वसाहतीच्या कुंपणाबाहेर आलेला चेंडू त्याने जोरात परत फेकला होता. तो पाहून तिथल्या लोकांनी त्याला आत घेतलं, शिकवलं. पुढे मध्यस्थ म्हणवणारा एक दलाल चिकटला. त्याने बापाला हिशेब समजावला: परदेशी संघ पोरं सोळाव्या वर्षी उचलतात. या मुलाचा वेग सोळाव्या वर्षी नवल ठरेल, अठराव्या वर्षी नुसता चांगला. इकामा खऱ्या नावावर राहू दे, संघाला दुसरा पासपोर्ट दाखवू.

हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी बाप ठाम होता. "पासपोर्ट सरकारने दिलाय साहेब. खोटा कसा?"

माझ्या नोकरीत मी एक गोष्ट पाहिली आहे. पाठ केलेलं खोटं माणूस परक्यासमोर सहज बोलतो. ज्याच्याबद्दल ते बोलायचं आहे तो समोर बसलेला असला की जीभ अडते. मी बापाशी बोलणं थांबवलं आणि मुलाकडे वळलो.

"बेटा, तुझं नाव?"

त्याने चुलतभावाचं नाव सांगितलं. चटकन.

"जन्मतारीख?"

तीही बिनचूक.

"अब्बांचं नाव?"

मुलाने तोंड उघडलं. पासपोर्टवर त्याच्या मयत चुलत्याचं नाव होतं. ते घ्यायचं, आणि समोर स्वतःचा बाप बसलेला. त्याने बापाकडे पाहिलं. बापाने मान खाली घातली. मी घाई केली नाही. हॉटेलवाल्याने चहा आणून ठेवला, तसाच राहिला.

"मैं अठारह का हूँ, अंकल," मुलगा म्हणाला. मग बापाकडे वळून मराठीत, "अब्बा, मी नाही म्हणू शकत."

बाप रडू लागला. "दोन्ही पोरं माझीच साहेब. एकाचं भलं झालं असतं तर दुसऱ्यालाही वर काढलं असतं."

"दुसऱ्याला विचारलं होतं?"

तो रुमालाने डोळे पुसत उठला.

निघताना मुलाने विचारलं, "सच बोल दिया तो साइनिंग खलास?"

त्याला खोटा धीर देणं मला जमलं नाही. "ही साइनिंग नक्की खलास. पुढचं मला माहीत नाही."

पुढच्या आठवड्यात त्याने स्वतः संघाच्या माणसाला खरं वय सांगितलं. त्या माणसाने कागद बॅगेत घातले, हात मिळवला आणि गेला.

बापलेक भारतात परत आले, दोघांनी जबाब दिले. न्यायालयाने बाप आणि एजंटाला शिक्षा केली. गुन्ह्याच्या वेळी मुलगा अल्पवयीन होता, त्याला बाल न्याय मंडळाने समज देऊन सोडलं. दलाल मात्र कधीच हाती लागला नाही. हवालदार निलंबित झाला. मी स्वतःचा खुलासा स्वतःहून पाठवला आणि ठपका घेतला. तो योग्यच होता. विधवेच्या मुलाचा पासपोर्ट सुटायला आणखी वर्ष लागलं. दर सोमवारी मी स्मरणपत्र पाठवत असे. कारकून कंटाळले, मी कंटाळलो नाही. आज तो मुलगा मालवाहू जहाजावर आहे.

मोठा, तो खेळाडू, काही वर्षांनी अचानक माझ्या घरी आला. एका शाळेत खेळ शिकवतो म्हणाला. मी विचारलं, माझ्यावर राग आहे का?

"होता," तो म्हणाला. "पण साहेब, सामन्यात लोक त्या नावाने ओरडायचे ना, तेव्हा दर वेळी वाटायचं, तो आलाय की काय बघायला."

गुन्हा कुणी केला, हे शोधायला आम्हाला शिकवतात. त्या बापाला मी आजही वाईट माणूस म्हणणार नाही. घर बुडताना त्याने हाताला आलं ते धरलं. पण त्याच्या हाताला जे आलं, ते दुसऱ्या एका मुलाचं आयुष्य होतं, आणि तो मुलगा तेव्हा दूर गावी, काहीच ठाऊक नसताना, दहावीचा अभ्यास करत बसला होता. तपासात मी बरीच माणसं समोर बसवली. जो समोर नसतो, ज्याच्या वतीने कुणी बोलत नाही, त्या माणसासाठी एक खुर्ची रिकामी ठेवावी, एवढं मी या प्रकरणात शिकलो.