ओरोझालीचा नमदा

ओरोझाली,

काराकोलला लेकीच्या घरी चहा ढोसत तू सगळ्यांना सांगतोस म्हणे, "सायकाल एजेची जीप मी डोळे मिटून दुरुस्त केली." डोळे मिटलेले होते एवढं खरं. बाकीचं मी लिहिते, तू थोरल्या बहिणीसारखं 'एजे' म्हणतोस ती सायकाल. तिथल्या लोकांना मोठ्याने वाचून दाखव.

कोचकोरमध्ये जुन्या गाड्यांच्या वायरिंगला हात लावणारा तू एकटाच, त्यामुळे तुझा तोराही तसाच. तुझी आई नमदे करणारी, लोकर लाटून जाड जाजमं बनवणारी. ती गेल्यावर तिच्या तंबूचे जुने नमदे तू कापून कापून गाड्यांत घातलेस. बॅटरीखाली नमदा, दारात नमदा, सीटखाली नमदा. "एजे, गाडी खडखडत नाही आणि बॅटरीला थंडी वाजत नाही." निम्म्या गावाच्या गाड्यांना ओल्या मेंढीचा वास यायचा. माझ्याही जीपला. जनावरांची डॉक्टर म्हणून मी त्या जीपमधून सगळी कुरणं पालथी घातली होती, त्यामुळे तो वास माझा की तुझ्या नमद्याचा, हे सांगणं कठीण.

त्या शरदात जीप चळली. इंडिकेटर लावला की हेडलाइट डोळे मिचकावायचे. ब्रेक दाबला की टपाचा दिवा मंद व्हायचा. किल्ली फिरवली की कट्ट, आणि पुढे काही नाही. एलामानने बिश्केकहून फोन केला. "आई, रविवारी येतो. माझ्यासमोर गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली तर राहा तिथेच. नाही झाली तर गाडी भंगारात आणि तू माझ्याकडे." त्याचं घर आठव्या मजल्यावर. तिथून खाली मेंढी सोड, माणूससुद्धा ओळखू येत नाही.

तू बॅटरी बदललीस. बल्ब बदललेस. स्टार्टर उतरवलास, पुसलास, परत चढवलास. शनिवारची दुपार कलली तरी तेच कट्ट.

"गाडी म्हातारी झाली, एजे."

"मीही झाले. मलाही घाल भंगारात."

"घेणार कोण तुम्हाला? वजनाला भराल, पण बोलणं ऐकून परत आणून देतील."

आणि चहा प्यायला बसलास! मी चिडून जीपमध्ये चढले, चोक ओढून धरला आणि किल्ली फिरवत राहिले. एकदम हात झटकला.

"अरे, चोकची तार तापलीय! बोटं भाजली माझी!"

तुझा कप हवेतच राहिला. "चोकची? तापली?" मग तो खाली ठेवायचंही न सुचता कपासकट धावत आलास. "एजे, करंटला परतीची वाट मिळत नाहीये! म्हणून तो चोकच्या तारेतून शिरतोय. इंजिनाचं अर्थिंगच गेलंय!" बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनापर्यंत तू एक जाड वायर धरलीस. "मारा किल्ली!"

मारली. जीप घोड्यासारखी फुरफुरली आणि चालू झाली.

मग तू इंजिनापासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी बघायला गाडीखाली गेलास आणि बाहेर यायचं नाव घेईनास.

"काय सापडलं?"

"काही नाही."

"ओरोझाली!"

खालून हात बाहेर आला. हातात काळी, ओली, गंजाने बरबटलेली नमद्याची चकती. पट्टी आणि चासीच्या मध्ये तूच घातलेली. तिने पाणी धरून बोल्टही खाल्ला होता.

"पट्टी खडखडू नये म्हणून..." तू म्हणालास.

"पट्टीला गादी घातलीस! उशी कुठेय?"

"उशी बॅटरीखाली आहे, एजे."

आपण दोघं इतके हसलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मग तू लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलंस, नवा बोल्ट आवळलास, वर ग्रीस चोपडलंस. पुढचा आठवडाभर गावात "हिवाळ्याआधीची फुकट तपासणी" करत फिरलास. लोक म्हणाले, केवढा भला माणूस! तू कुठले बोल्ट सोडवून काय काढतोयस, ते मला ठाऊक होतं. बोलले नाही.

त्याआधी, दुसऱ्याच दिवशी रविवारी, एलामानने किल्ली फिरवली. चालू. बंद केली, फिरवली, पुन्हा चालू. आशेने आणखी एकदा करून बघितलं पोराने. शेवटी मटणाचं बेशबर्मक खाऊन एकटाच परत गेला.

मजुरी तू घेतली नाहीस. "त्यापेक्षा मला सोन-कोल तळ्यावर न्या. आईची कढई वर कुरणावरच राहिलीय, दगडांच्या आडोशाला पालथी. तेवढी उतरवून आणू." मी म्हटलं, बर्फ वितळून रस्ता उघडू दे. रस्ता उघडला तेव्हा तुझ्या दारात गाड्यांची रांग. ती संपली तर माझं गवत कापायला आलेलं. मग बर्फ. दर वर्षी हेच. आणि मग तुझे गुडघे, आणि तुझी लेक येऊन तुला घेऊन गेली. तिसऱ्या मजल्यावर! मला आठव्यापासून वाचवलंस आणि स्वतः तिसऱ्यावर जाऊन बसलास, शहाण्या.

मी इथेच आहे, मजेत आहे. जीप आजही पहिल्या किल्लीला चालू होते. कढई अजून वरच आहे.