एवोदियोचा लिंबाचा रांजण

एवोदियोला माणूस म्हणायचं ते केवळ सवयीने. माझं मक्याच्या भाकऱ्यांचं दुकान त्याच्या सरबताच्या गाड्याला लागून, म्हणून हे ध्यान मला रोज बघावं लागतं. पांढरी हॅट, इस्त्रीचा सदरा, आणि हात कसे? लग्नातल्या नवरदेवासारखे, कामाचा डाग नाही. गाडा चालवायची त्याची बायको ओतिलिया. चिलाकायोता भोपळा गुळात शिजवणं, लाल अंबाडीची फुलं उकळणं, तांदूळ-दालचिनी वाटणं, सगळं तीच करायची. आणि हा गिऱ्हाइकांना सांगणार, "माझ्या हातची चव आहे, शेठ!" मेल्याला लिंबू कोणत्या बाजूने कापतात ते माहीत नव्हतं.

मग ओतिलियाचा उजवा हात लुळा पडला. लेक कासिल्दा गाड्यावर उभी राहिली. पोरीच्या हाताला आईचीच चव. पण बाजारातली जागा बापाच्या नावावर. एक दिवस ती सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, आईची जागा मला द्या."

"तुला? उद्या लग्न करून जाशील. जागा नाबोरला देणार मी."

नाबोर म्हणजे त्याचा पुतण्या. दिवसभर मोबाइल आणि जांभया.

"त्याला सरबताचं पाणी तरी करता येतं का?" कासिल्दा म्हणाली.

"त्यात काय करायचंय? बायकांनी उगाच मोठं करून ठेवलंय. या समारितानाला मी एकटा करतो. दुपारच्या घंटेपर्यंत लोक शेवटच्या वाटीपर्यंत प्यायले, तर जागा नाबोरची. एक वाटी जरी उरली, तर तुझी. बोल!"

लबाड कुठला! समारितानाचा शुक्रवार म्हणजे येशूला विहिरीवर पाणी पाजणाऱ्या त्या बाईचा दिवस. चर्चच्या अंगणात वेळूच्या विहिरी उभ्या करायच्या, बोगनवेल गुंडाळायची आणि येईल त्याला फुकट पाणी पाजायचं. आमच्या मेक्सिकोतल्या या वाहाका शहरात त्या दिवशी दिलेली वाटी कुणी नाकारत नाही. गटारातलं दिलं तरी लोक पितील आणि वर "देव भलं करो" म्हणतील. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कासिल्दाला पण ठाऊक होतं, तरी ती "बरं" म्हणाली. मला तिचा राग आला.

एवोदियोने लिंबाचं पाणी करायचं ठरवलं. आमच्याकडे त्यात रस नाही, हिरवी साल किसून घालतात. किसणी पांढऱ्याला लागता कामा नये आणि किसायचं अगदी आयत्या वेळी, नाहीतर पाणी कडूजहर. याने काय करावं? सकाळी हॅट घालून मिरवायला मोकळं राहावं, म्हणून आदल्या दिवशीच सगळी लिंबं पार गाभ्यापर्यंत किसली आणि रात्रभर भिजत घातली! वर मूठमूठ चियाचं फुगणारं बी. शेवाळलेल्या हौदासारखा दिसत होता तो रांजण.

शुक्रवारी रांग लागली. पहिला घोट शाळेतल्या एका शिक्षिकेने घेतला आणि डोळेच मिटले. "देव भलं करो," ती कशीबशी म्हणाली. पाद्रीबाबांनी एका दमात संपवलं आणि बराच वेळ आभाळाकडे बघत राहिले. मलाही वाटी मिळाली. शी! कडुनिंब परवडला. पण प्यायले, काय करणार?

"कसं झालंय?" एवोदियो प्रत्येकाला विचारत होता.

"थंड आहे हो," लोक म्हणत होते.

आणि रांजण उतरत होता. कासिल्दा भिंतीपाशी उभी, चेहरा पांढराफटक. सभ्यपणाच्या नावाखाली आख्खी आळी मिळून त्या पोरीचा घास काढून घेत होती. काय ही माणसं!

घंटेला थोडा वेळ असताना रांजणात एकच वाटी राहिली. ती त्याने मुद्दाम राखली होती. फोटोसाठी. नाबोरला मोबाइल धरायला लावून तो सावलीत बसलेल्या ओतिलियाकडे गेला आणि वाकून म्हणाला, "घे राणी. माझ्या हातचं."

ओतिलियाने वाटीकडे पाहिलं. "नको."

एवोदियोने वाटी आणखी पुढे केली.

"अगं, आज नाही म्हणतात का? पी, लोक बघतायत."

"बघू देत. लग्न झाल्यापासून गावाला पाणी पाजलं मी. माझ्या हातचं घोटभर तरी प्यायलास कधी?"

मी आठवायला लागले. खरंच की! त्याच्या हातात कायम बिअरची बाटली. इतकी वर्षं शेजारी बसून माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"सांग ना," ती म्हणाली. "माझ्या तांदळाच्या पाण्यात काय असतं?"

"दूध," तो म्हणाला.

रांगेतून कुणीतरी हसलं. तिच्या तांदळाच्या पाण्यात दुधाचा थेंब नसतो, हे आळीतलं शेंबडं पोरही सांगेल.

"तूच पी की मग, एवोदियो!" मी ओरडले. "एवढी कौतुकाची चव!"

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. त्याने वाटी तोंडाला लावली, आणि समारितानाच्या दिवशी, चर्चच्या पायरीवर, फचकन थुंकला. आख्ख्या आळीला पाजून मोकळा झाला होता आणि स्वतःला घोट गिळवेना!

तेवढ्यात घंटा वाजली. वाटी जवळजवळ भरलेलीच होती. ओतिलियाने डाव्या हाताने ती त्याच्याकडून काढून घेतली आणि लेकीला म्हणाली, "कासिल्दा, हे ओतून टाक. आणि वाटी नीट विसळ, तुला लागणार आहे."